शोधयंत्रांचे बदलते अल्गोरिदम आणि संकेतस्थळांवरील लेखन : एक ऐतिहासिक आढावा

सारांश

महाजालावरील माहितीपर्यंत वाचकाला नेणाऱ्या शोधयंत्रांनी १९९० पासून आपली क्रमवारीची पद्धत अनेक वेळा बदलली. प्रत्येक बदलामागे आधीच्या पद्धतीचा झालेला गैरवापर हे एक मोठे कारण होते आणि प्रत्येक बदलानंतर संकेतस्थळांवरील लेखनाचे स्वरूपही बदलत गेले. प्रस्तुत लेखात या परस्परसंबंधाचा कालक्रमानुसार आढावा घेण्यात आला असून मराठी लेखनाच्या संदर्भात उद्भवलेल्या विशेष अडचणींचाही विचार करण्यात आला आहे.

बीजसंज्ञा : शोधयंत्र, अल्गोरिदम, पेजरँक, दुवे, संकेतस्थळ, युनिकोड.

१. प्रस्तावना

ग्रंथालयात ग्रंथपालाने एखादे पुस्तक पुढे केले नाही, तरी वाचक स्वतः कपाटापर्यंत जाऊन ते शोधू शकतो. महाजालावर ही सोय जवळजवळ नाही. ज्या पानापर्यंत शोधयंत्र नेत नाही, ते पान बहुसंख्य वाचकांच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. त्यामुळे कोणते पान पहिले दाखवावे आणि कोणते शंभरावे, हे ठरवणारी गणिती रीत, म्हणजेच अल्गोरिदम, हा केवळ संगणकशास्त्राचा विषय राहत नाही. लिहिणाऱ्याने काय लिहावे, कसे लिहावे आणि कोणासाठी लिहावे, यावर त्या रीतीचा परिणाम होतो.

संकेतस्थळ शोधयंत्राच्या क्रमवारीत वर यावे यासाठी केल्या जाणाऱ्या खटपटीला सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन किंवा संक्षेपाने एसईओ असे म्हटले जाते. या विषयावरील बहुतेक लेखन व्यावसायिक मार्गदर्शनाच्या स्वरूपाचे असते. इतिहासाच्या दृष्टीने पाहिले असता मात्र येथे एक जुनाच प्रश्न नव्या रूपात दिसतो. गुणवत्ता मोजण्यासाठी एखादे माप ठरवले, की लोक गुणवत्तेऐवजी त्या मापाच्या मागे लागतात. इंग्लंडच्या चलनविषयक धोरणासंदर्भात अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये मांडलेले हे निरीक्षण मानववंशशास्त्रज्ञ मॅरिलिन स्ट्रॅथर्न यांनी १९९७ मध्ये ब्रिटिश विद्यापीठांच्या मूल्यमापनाला लागू केले. शोधयंत्रांच्या इतिहासात त्याचा प्रत्यय वारंवार येतो.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) शोधयंत्रांच्या क्रमवारीच्या पद्धतीतील प्रमुख बदलांचा कालक्रम मांडणे.
२) त्या बदलांचा संकेतस्थळांवरील लेखनावर झालेला परिणाम तपासणे.
३) मराठी लेखनाच्या दृष्टीने या इतिहासाचा विचार करणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून शोधनिबंध, कंपन्यांची प्रसिद्ध निवेदने व न्यायालयीन निर्णय यांचा आधार घेतला आहे. २००० नंतर या क्षेत्रात गूगलचे वर्चस्व राहिल्याने विवेचनाचा भर त्या शोधयंत्रावर आहे.

३. पहिला टप्पा : शब्दांची मोजणी (१९९० ते १९९७)

मॉन्ट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात ॲलन एमटेज यांनी १९९० मध्ये तयार केलेले ‘आर्ची’ हे पहिले शोधयंत्र मानले जाते. ते केवळ फायलींची नावे शोधत असे. १९९४ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात ब्रायन पिंकर्टन यांनी तयार केलेल्या ‘वेबक्रॉलर’ने पानातील संपूर्ण मजकुराची सूची केली. त्याच वर्षी ‘लायकॉस’ आले आणि डिसेंबर १९९५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे ‘अल्टाव्हिस्टा’ सुरू झाले.

या यंत्रांच्या मुळाशी असलेले शास्त्र जुने होते. कॉर्नेल विद्यापीठातील जेरार्ड सॉल्टन यांनी दस्तऐवज आणि प्रश्न यांतील शब्दांची तुलना करण्याच्या पद्धती विकसित केल्या होत्या. तर केंब्रिजमधील कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये दुर्मीळ शब्दाला अधिक वजन द्यावे, असा विचार मांडला होता. हे सारे संशोधन निबंधांचे सारांश आणि ग्रंथसूची यांसारख्या संग्रहांवर झाले होते. त्या संग्रहांतील लेखकांनी आपले लेखन यंत्राला आवडावे म्हणून केलेले नव्हते, आणि म्हणूनच एखादा शब्द निबंधात दहा वेळा आला, तर निबंध त्या विषयावर आहे, असे मानणे सयुक्तिक होते.

महाजालावर हे गृहीतक टिकले नाही. वाचक येणे म्हणजे ग्राहक येणे, हे लक्षात येताच संकेतस्थळांचे मालक एकच शब्द शेकडो वेळा लिहू लागले. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत शब्दांच्या रांगा लपवण्यात येऊ लागल्या, म्हणजे यंत्राला त्या दिसत आणि माणसाला दिसत नसत. पानाचा विषय यंत्राला कळवण्यासाठी ‘मेटा कीवर्ड’ नावाची सोय होती. तिच्यात विषयाशी संबंध नसलेले लोकप्रिय शब्द सर्रास भरले जात. पुढे सप्टेंबर २००९ मध्ये आपण क्रमवारीसाठी ही सोय विचारात घेत नसल्याचे गूगलने जाहीरपणे सांगितले.

या टप्प्याच्या अखेरीस शोधयंत्रांची काय अवस्था झाली होती, याची नोंद सर्गेई ब्रिन व लॅरी पेज यांच्या १९९८ च्या शोधनिबंधात आहे. नोव्हेंबर १९९७ मध्ये चार प्रमुख व्यावसायिक शोधयंत्रांपैकी केवळ एकच असे होते, की ज्यात त्याचेच नाव टाकले असता पहिल्या दहा निकालांत त्याचे स्वतःचे पान सापडत असे.

४. दुसरा टप्पा : दुव्यांची साक्ष (१९९८ ते २०१०)

स्टॅनफर्ड विद्यापीठाचे हे दोन विद्यार्थी एप्रिल १९९८ मध्ये ब्रिस्बेन येथील परिषदेत मांडलेल्या निबंधातून वेगळा मार्ग सुचवत होते. पान स्वतःविषयी काय सांगते, याऐवजी इतर पाने त्याच्याविषयी काय सांगतात, हे पाहावे. एका पानाने दुसऱ्याला दिलेला दुवा म्हणजे मत समजावे. आणि ज्या पानाला स्वतःला अधिक मते आहेत, त्याच्या मताला अधिक वजन द्यावे, असे या पद्धतीचे सूत्र होते. तिला ‘पेजरँक’ हे नाव मिळाले. त्यावेळी त्यांच्या यंत्राच्या सूचीत सुमारे २ कोटी ४० लाख पाने होती.

या कल्पनेचे मूळ अध्यापकवर्गाला परिचित आहे. यूजीन गारफिल्ड यांनी १९६४ पासून नियमित प्रसिद्ध केलेल्या ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’मध्ये शोधनिबंधाचे महत्त्व त्याला मिळालेल्या संदर्भांवरून जोखण्याची सोय होती. पेजरँकने संदर्भाच्या जागी दुवा आणला. शोधनिबंध प्रसिद्ध होण्यापूर्वी त्याची तज्ज्ञांकडून तपासणी होते आणि महाजालावरील पानाची होत नाही, या भेदाची जाणीव त्याच्या कर्त्यांना होती. पैसे देऊन दुवे विकत घेतले जातील, ही शक्यताही पेजरँकविषयीच्या स्टॅनफर्डच्या तांत्रिक अहवालात नोंदवलेली आहे. मात्र त्यासाठी पैसे मोजावे लागत असल्याने हा प्रकार आटोक्यात राहील, असा त्यांचा कयास होता.

हा कयास चुकीचा ठरला. दुव्याला किंमत आल्याबरोबर दुव्यांचा बाजार उभा राहिला. एकमेकांना दुवे देणारी जाळी, केवळ दुवे देण्यासाठी उभारलेली संकेतस्थळे आणि इतरांच्या लेखांखालील प्रतिक्रियांत यंत्रामार्फत टाकलेले दुवे असे त्याचे अनेक प्रकार झाले. प्रतिक्रियांचा हा उपद्रव रोखण्यासाठी जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू व मायक्रोसॉफ्टच्या शोधसेवेने ‘नोफॉलो’ ही खूण स्वीकारली. ती लावलेल्या दुव्याला मत समजले जात नसे. दुव्यातील शब्दांनाही वजन असल्याने २००३ मध्ये ‘दारुण अपयश’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द शोधल्यास अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जॉर्ज बुश यांचा चरित्रपरिचय पहिला दिसेल, अशी व्यवस्था काही लोकांनी संगनमताने केली. जानेवारी २००७ मध्ये अल्गोरिदममध्ये सुधारणा होईपर्यंत असे प्रकार चालू राहिले.

या काळातील दोन घटना विशेष उल्लेखनीय आहेत. ‘सर्चकिंग’ या ओक्लाहोमातील कंपनीने दुवे विकण्याचा व्यवसाय चालवला होता. गूगलने तिचा पेजरँक घटवला, तेव्हा कंपनीने न्यायालयात धाव घेतली. मे २००३ मध्ये तेथील फेडरल जिल्हा न्यायालयाने दावा फेटाळला. पेजरँक हे गूगलचे मत आहे आणि मत व्यक्त करण्याच्या स्वातंत्र्याला घटनेचे संरक्षण आहे, असा निर्णयाचा आशय होता. शोधयंत्राचा क्रम गणिताने काढलेला असतो, अशी लोकांची समजूत असताना कायद्याने त्याला मताचा दर्जा दिला, ही बाब महत्त्वाची आहे.

दुसरी घटना नोव्हेंबर २००३ मधील ‘फ्लोरिडा’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या बदलाची आहे. नाताळच्या खरेदीचा हंगाम तोंडावर असताना अनेक व्यापारी संकेतस्थळे क्रमवारीतून एकाएकी खाली गेली. त्यांत कीवर्डांचा अतिरेक करणारे जसे होते, तसे गैरमार्गाचा अवलंब न केल्याचे सांगणारे लहान दुकानदारही होते. ज्यांचा सारा व्यवसाय या एका वाटेवर अवलंबून होता, त्यांना दाद मागण्यासाठी कोणतीही यंत्रणा नव्हती. मोठ्या कंपन्याही कारवाईतून सुटल्या नाहीत. फेब्रुवारी २००६ मध्ये बीएमडब्ल्यूचे जर्मन संकेतस्थळ यंत्राला एक व माणसाला दुसरे पान दाखवल्याच्या कारणावरून सूचीतून काढण्यात आले. परंतु मोठी कंपनी काही दिवसांत परत येऊ शकते. लहान दुकानदाराचा मात्र हंगाम बुडतो.

५. तिसरा टप्पा : गुणवत्तेचा निवाडा (२०११ व २०१२)

२००५ नंतर लेखनाचाच कारखाना काढण्याची कल्पना रुजली. ‘डिमांड मीडिया’ या अमेरिकन कंपनीत लोक कोणते प्रश्न शोधतात आणि त्या शब्दांवर जाहिरातीचे किती पैसे मिळतात, याचा हिशेब करून संगणक लेखांचे विषय ठरवत असे. बाहेरचे लेखक साधारण १५ डॉलरमध्ये एक लेख लिहून देत. जानेवारी २०११ मध्ये कंपनी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आली, तेव्हा तिचे बाजारमूल्य सुमारे दीड अब्ज डॉलर, म्हणजे न्यूयॉर्क टाइम्स कंपनीपेक्षाही अधिक झाले. विषय निवडण्याचे संपादकाचे काम येथे शोधाच्या नोंदींकडे गेले होते.

फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने ‘पांडा’ हा बदल केला. अभियंता नवनीत पांडा यांच्या नावावरून तो ओळखला जातो. अमेरिकेतील ११.८ टक्के शोधांवर त्याचा परिणाम झाल्याचे कंपनीने सांगितले. त्याची घडण लक्षणीय आहे. माणसांकडून काही संकेतस्थळांविषयी मते घेण्यात आली. हा मजकूर विश्वासार्ह वाटतो का, येथे आपले बँक कार्ड वापराल का, असे प्रश्न त्यांना विचारण्यात आले आणि त्या उत्तरांशी जुळणारी लक्षणे शोधण्यास यंत्राला शिकवण्यात आले. मे २०११ मध्ये अमित सिंघल यांनी लेखकांनी स्वतःला विचारावयाच्या २३ प्रश्नांची यादीच प्रसिद्ध केली. यंत्राच्या मालकाने लेखकाला उद्देशून चांगल्या लेखनाची व्याख्या करण्याचा हा प्रसंग होता. संपादक, समीक्षक व अध्यापक यांच्याकडे परंपरेने असलेला अधिकार येथे एका कंपनीने वापरला. डिमांड मीडियाची पुढे घसरण झाली आणि २०१६ मध्ये तिने आपले नावही बदलले.

एप्रिल २०१२ मधील ‘पेंग्विन’ हा बदल विकतच्या दुव्यांविरुद्ध होता व इंग्रजीतील सुमारे ३.१ टक्के शोधांवर त्याचा परिणाम झाला. त्यापूर्वी फेब्रुवारी २०११ मध्ये जे. सी. पेनी या मोठ्या दुकानसाखळीसाठी हजारो असंबद्ध पानांवर दुवे पेरण्यात आल्याचे न्यूयॉर्क टाइम्सने उघडकीस आणले होते. पेंग्विननंतर उलटा प्रवाह सुरू झाला. ज्यांनी पैसे देऊन दुवे मिळवले होते, तेच आता ते काढून टाकण्याची विनवणी करू लागले. ऑक्टोबर २०१२ मध्ये अशा दुव्यांशी आपला संबंध नसल्याचे कळवण्याची सोय गूगललाच करून द्यावी लागली.

या निवाड्यात निर्दोषांनाही फटका बसला. ‘मेटाफिल्टर’ हे सदस्यांच्या चर्चेवर चालणारे आणि काटेकोर देखरेखीसाठी प्रसिद्ध असलेले संकेतस्थळ आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये त्याचे शोधातून येणारे वाचक अचानक घटले आणि २०१४ मध्ये त्याला काही कर्मचारी कमी करावे लागले.

६. चौथा टप्पा : अर्थाचा शोध (२०१३ ते २०२४)

सप्टेंबर २०१३ मध्ये जाहीर झालेल्या ‘हमिंगबर्ड’ने सुट्या शब्दांऐवजी संपूर्ण प्रश्नाचा अर्थ लावण्यावर भर दिला. २०१५ मध्ये ‘रँकब्रेन’ आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘बर्ट’ ही यंत्रशिक्षणावर आधारित तंत्रे आली. दरम्यान २१ एप्रिल २०१५ पासून मोबाइलवर नीट न दिसणारी पाने मोबाइलवरील शोधात मागे टाकण्यात येऊ लागली. परिच्छेद आखूड होण्यास आणि उपशीर्षके वाढण्यास या बदलाचाही हातभार लागला.

लेखनावरील परिणाम येथे अधिक सूक्ष्म झाला. लोक प्रश्न विचारतात, म्हणून शीर्षकेही प्रश्नार्थक झाली. एखादा सण जवळ आला, की तो कधी आहे, मुहूर्त कोणता, असे विचारून ‘जाणून घ्या’ या शब्दांनी संपणारी शीर्षके मराठी वृत्तसंकेतस्थळांवर नेहमी दिसतात. एका वाक्यात देता येणारी तारीख अनेक परिच्छेदांनंतर येते. पाककृतीच्या आधीचे लांबलचक निवेदन हाही याच काळातील प्रकार होय. जाहिरातींना जागा मिळावी आणि यंत्राला पुरेसा मजकूर दिसावा, अशी दोन्ही कारणे त्यामागे सांगितली जातात.

ऑगस्ट २०२२ मध्ये गूगलने शोधयंत्रासाठी नव्हे, तर माणसांसाठी लिहिलेल्या मजकुराला प्राधान्य देण्याचे घोषित करून नवा बदल केला. यंत्राने माणसासाठी लिहा असे सांगावे आणि लेखकांनी माणसासाठी लिहिल्याची यांत्रिक लक्षणे शोधावीत, असा विरोधाभास त्यातून निर्माण झाला. घरगुती हवाशुद्धीकरण यंत्रांची प्रत्यक्ष चाचणी घेणाऱ्या ‘हाऊसफ्रेश’ या लहान संकेतस्थळाने फेब्रुवारी २०२४ मध्ये, मोठ्या प्रकाशनसंस्थांची वरवरची परीक्षणे आपल्या पुढे दाखवली जात असल्याची तक्रार जाहीरपणे मांडली. मे २०२४ मध्ये अमेरिकेत व ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले सारांश निकालांच्या वर दिसू लागले. त्यामुळे मूळ पानापर्यंत न जाताच वाचकाचे समाधान होण्याची शक्यता निर्माण झाली. लिहिणाऱ्याला वाचक आणि शोधयंत्राला मजकूर, या देवघेवीवर आधीची सारी व्यवस्था उभी होती. तिचा पायाच आता डळमळला आहे.

क्रमवारी ठरवणाऱ्याच्या सत्तेचा प्रश्नही याच काळात न्यायासनांपुढे आला. युरोपीय आयोगाने जून २०१७ मध्ये स्वतःच्या खरेदीसेवेला झुकते माप दिल्याबद्दल गूगलला २४२ कोटी युरोंचा दंड केला व सप्टेंबर २०२४ मध्ये तो कायम झाला. भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये शोधनिकालांतील पक्षपाताबद्दल १३५.८६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अमेरिकेतील खटल्यात ऑक्टोबर २०२३ मध्ये झालेल्या साक्षीतून वापरकर्त्यांच्या मागील १३ महिन्यांच्या क्लिकांचा क्रमवारीसाठी उपयोग करणारी यंत्रणा उजेडात आली. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलने शोधसेवेतील मक्तेदारी बेकायदेशीरपणे टिकवल्याचा निर्णय दिला.

७. मराठी लेखन आणि शोधयंत्रे

इंग्रजी संकेतस्थळे शब्दांचा अतिरेक करत असताना मराठी संकेतस्थळांपुढे शोधयंत्राला शब्द दिसावेत कसे, हा प्रश्न होता. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ मध्येच स्थान मिळाले आणि विंडोज २००० पासून तिच्या वापराची सोय झाली. तरीही २००० नंतरच्या दशकात अनेक मराठी संकेतस्थळे स्वतंत्र फॉन्ट वापरत राहिली. त्या फॉन्टमध्ये वाचकाला ‘महाराष्ट्र’ दिसे, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरे व चिन्हे असत. त्यामुळे तो मजकूर शोधयंत्राच्या दृष्टीने निरर्थक होता. त्या काळातील पुष्कळसे मराठी लेखन महाजालावर असूनही शोधाच्या कक्षेबाहेर राहिले. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियासारख्या युनिकोडमधील प्रकल्पांचे महत्त्व या पार्श्वभूमीवर लक्षात येते.

युनिकोड आल्यानंतरही दोन अडचणी राहिल्या. मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये नामाला जोडून येतात आणि नामाचे सामान्यरूप होते. ‘पुणे’ शोधणाऱ्याला ‘पुण्यातील’, ‘पुण्याहून’, ‘पुणेकर’ ही रूपेही हवी असतात. केवळ अक्षरे जुळवणाऱ्या यंत्राला हा संबंध कळत नाही. दुसरी अडचण ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ अशा शब्दांतील अर्ध्या र-ची आहे. तो दोन वेगवेगळ्या संकेतक्रमांनी लिहिता येतो. डोळ्यांना शब्द एकच दिसतो आणि यंत्राला ते दोन भासू शकतात. डिसेंबर २०१९ मध्ये ‘बर्ट’चा विस्तार मराठीसह सत्तरहून अधिक भाषांत झाला. हे तंत्र शब्दाचे तुकडे आणि संदर्भ विचारात घेत असल्याने पहिल्या अडचणीवर काही प्रमाणात उपाय झाला. म्हणजेच इंग्रजीसाठी जो बदल सुधारणेच्या स्वरूपाचा होता, तो मराठीसाठी प्राथमिक गरजेच्या जवळ जाणारा होता.

८. निष्कर्ष

१) शोधयंत्रांनी अनुक्रमे शब्द, दुवे, मजकुराची लक्षणे आणि अर्थ यांवर भर दिला. आधीच्या मापाचा गैरवापर हे प्रत्येक संक्रमणाचे एक प्रमुख कारण होते.

२) मूळ पद्धती ज्या ग्रंथसूची व संदर्भसूचीतून घेतल्या, तेथील लेखकाला यंत्राची जाणीव नव्हती. ती जाणीव निर्माण होताच मापाची विश्वासार्हता घटली.

३) बदलांचा फटका गैरमार्गाचा अवलंब करणाऱ्यांबरोबर प्रामाणिक लहान संकेतस्थळांनाही बसला. मोठ्या कंपन्यांजवळ सावरण्याची साधने होती, लहानांजवळ नव्हती.

४) चांगल्या लेखनाची व्याख्या करण्याचा अधिकार मोठ्या प्रमाणात एका खाजगी कंपनीकडे गेला. त्याविरुद्ध दाद मागण्याची सर्वसामान्य सोय आजही नाही.

५) मराठीसाठी प्रमाणित संकेतन व भाषेच्या व्याकरणाची जाण असलेली शोधसाधने ही दृश्यतेची पूर्वअट आहे.

संदर्भांच्या मोजणीतून पेजरँक जन्माला आला आणि त्याच मोजणीने अध्यापकांचेही मूल्यमापन होत आले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये गुणांकनाची पद्धत आणल्यानंतर निबंधांची संख्या वाढवण्याकडे कल झाला. सुमार नियतकालिकांना आळा घालण्यासाठी आणलेली ‘केअर’ यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये मागे घेण्यात आली. माप, त्याभोवतीचा बाजार आणि मग नवे माप, हा क्रम दोन्ही क्षेत्रांत सारखाच आहे. महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना शोधयंत्राचा वापर शिकवताना पहिला निकाल पहिला का आला, हेही शिकवणे म्हणूनच आवश्यक ठरते. क्रमवारीमागचा हा इतिहास ठाऊक असलेला वाचक पहिल्या निकालाशी न थांबता पुढचीही पाने उघडून पाहील.